गच्चीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांना

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार,
पुण्यातल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अपार्टमेंट

विषय : गच्चीवरची सौर वीज आणि येती वार्षिक सभा

स. न. वि. वि.

हे पत्र मुख्यमंत्र्यांना नाहीतर महापालिका आयुक्तांना लिही, असं दोघीतिघींनी सुचवलं. मी ते तुम्हाला लिहिते आहे, कारण स्वच्छ विजेच्या बाबतीत वरून जे यायला हवं होतं त्यातलं बरंच येऊन पोचलं आहे. अनुदान आहे, कर्ज आहे, नियमही पूर्वीपेक्षा सोपे झाले आहेत. पुण्यात घोडं अडतं ते शेवटच्या जिन्यावर, गच्चीच्या कुलूपबंद दारापाशी, आणि त्या कुलपाची किल्ली तुमच्याकडे असते. मी स्वतः कर्वेनगरमधल्या एका संस्थेची खजिनदार आहे. त्याआधीची नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. त्यामुळे या पत्रात आकडे जास्त सापडतील आणि वसुंधरेसाठीचे उसासे कमी.

वरून काय आलंय ते आधी सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर योजना आणली. उद्दिष्ट एक कोटी घरांचं, खर्च ७५,०२१ कोटी रुपये. स्वतःचं छप्पर असलेल्याला पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. एवढं सगळ्यांना पाठ झालंय, कारण जाहिरातीत तेवढंच असतं. त्याच योजनेत गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळी तरतूद आहे, ती मात्र सभेत सांगितली की लोक ‘असं आहे होय?’ म्हणून बघतात. संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, घरटी तीन किलोवॅट या हिशेबाने थेट ५०० किलोवॅटपर्यंत. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे आणि पार्किंगमधलं गाड्यांचं चार्जिंगसुद्धा यात बसतं. त्याच महिन्यात वीजग्राहकांच्या हक्कांचे केंद्रीय नियम दुरुस्त झाले. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही आणि त्याहून मोठ्या अर्जाची तपासणी पंधरा दिवसांत व्हायला हवी. सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आणि या सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतच आहे. एका सभेत विषय ‘पुढील सभेसाठी राखून’ ठेवला की वर्ष गेलं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता तुमच्याकडून येणारी उत्तरं. ‘गच्चीला आधीच गळती आहे’ हे पहिलं. खरंच असते. पण पॅनेलचा सांगाडा स्लॅबला भोकं पाडून बसवलाच पाहिजे असं काही नाही, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर तो उभा राहतो. वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर आधी ते उरकून घ्या, हे म्हणणं रास्त आहे. मात्र मला गंमत वाटते ती निराळीच. याच गच्च्यांवर मोबाइलचे टॉवर चढले तेव्हा गळतीची चिंता कोणाला सुचली नव्हती, भाडं दिसत होतं. नंतर गळती थांबावी म्हणून लाख-लाख रुपयांचे पत्रे चढवले. तोच सांगाडा थोडा उंच आणि भक्कम करून वर पॅनेल बसवली असती तर त्याने खाली सावली दिली असती आणि वर वीज. पत्रे नुसते तापतात.

दुसरं उत्तर, ‘गच्चीचा हक्क कोणाचा तेच ठरलेलं नाही.’ याला मात्र वजन आहे. कितीतरी संस्थांचं कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून संस्थेच्या नावावर होणं, अजून झालेलं नाही, आणि बिल्डरने वरच्या फ्लॅटला गच्ची ‘जोडून’ विकल्याची उदाहरणं कोथरूडपासून वानवडीपर्यंत आहेत. ज्यांचा प्रश्न खरोखर तिथे अडलाय त्यांनी आधी डीम्ड कन्व्हेअन्सच्या, म्हणजे बिल्डरच्या सहीविना सरकारी आदेशाने होणाऱ्या हस्तांतराच्या, मागे लागावं. सौर तोपर्यंत थांबेल. पण ज्यांची कागदपत्रं नीट आहेत तेही हेच कारण पुढे करतात, तेव्हा तो आळस असतो.

तिसरं, ‘खर्च कोण करणार?’ इथे मी माझ्या जुन्या खुर्चीत बसते. चाळीस फ्लॅट, दोन लिफ्ट, बोअर आणि वर पाणी चढवणारे पंप अशी एक इमारत घ्या. तिचं सामाईक मीटर महिन्याला दोन हजार युनिटच्या आसपास फिरतं असं धरू. हे मीटर घरगुती दरात मोडतं, पण वापर मोठा असल्याने बहुतेक युनिटांना सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर लागतो. पुण्याच्या उन्हात एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. १५ किलोवॅट बसवली तर महिन्याला अठराशे होतात. पावसाळा, धूळ, कबुतरं यांचा वाटा वजा करून मी पंधराशेच धरते. युनिटला हात राखून १२ रुपये लावले तरी महिन्याची बचत १८,००० आणि वर्षाची २,१६,००० रुपये. खर्च किलोवॅटला ५५,००० धरला तर सव्वाआठ लाख होतो. त्यातून २,७०,००० अनुदान गेलं की उरतात ५,५५,०००. म्हणजे घरटी चौदा हजारांच्या आत, आणि तीन वर्षं व्हायच्या आधी पैसे परत. जागा साधारण १,५०० चौरस फूट लागते, सावली न पडणारी. पॅनेलच्या कामगिरीची हमी २५ वर्षांची असते. पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून देणारा इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल, तो खर्च आत्ताच लिहून ठेवा. कर्ज विभागात असताना असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर दुपारच्या चहाच्या आत मंजूर झाला असता. आपल्या सभेत याच प्रस्तावावर दीड तास चर्चा होते आणि मग गणपतीच्या वर्गणीचा विषय निघतो.

विक्रेते काही गोष्टी सांगत नाहीत, त्या मी सांगते. ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेली साधी सौर यंत्रणा वीज गेली की बंद पडते. ऊन कितीही असो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या तारेत आपली वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. तेव्हा गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद झाली की लिफ्ट सौर विजेवर चालेल, असं सभासदांना सांगून ठेवू नका. पहिल्याच गुरुवारी तुमची शोभा होईल. त्यासाठी बॅटरी लागते आणि तिचा हिशेब वेगळा.

दुसरी गोष्ट ३१ मार्चची. आपल्याकडे नेट मीटरिंग २०१५ मध्ये सुरू झालं, आता २०१९ चे विनियम लागू आहेत. दिवसा जास्तीची वीज ग्रीडला जाते, तिचे युनिट आपल्या खात्यात जमा राहतात आणि पुढच्या महिन्यांत वळते होतात. पण हा हिशेब आर्थिक वर्षापुरता. मार्चअखेर जे युनिट उरतात त्यांचे पैसे मिळतात ते आपण बिलात भरतो त्या दरापुढे फारच किरकोळ. आणि पुण्यात उत्पादन ऐन भरात असतं ते फेब्रुवारी, मार्चमध्येच! एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कामी येते, फेब्रुवारी-मार्चची शिल्लक मात्र कवडीमोलाने जाते. म्हणून गच्ची मोकळी आहे एवढ्यावर भागवून मोठी यंत्रणा बसवू नका. मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा आणि गरजेपेक्षा थोडी कमीच घ्या. विक्रेता आग्रह करेल. त्याला करू द्या.

तिसरी, वेळेची. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणच्या दर याचिकेत दिवसाच्या वेळेनुसार दर लावण्याचे जे प्रस्ताव होते, त्यांनी छतावर सौर बसवलेल्या ग्राहकांची झोप उडवली होती. दुपारी सौर वीज मुबलक असते आणि संध्याकाळी सगळं शहर एकदम दिवे लावतं, त्यामुळे दुपारच्या युनिटची किंमत आज ना उद्या संध्याकाळच्या युनिटपेक्षा कमी धरली जाणार, हे मला अटळ दिसतं. त्यावर आपल्या हातातला उपाय अगदी साधा आहे. टाकी दुपारी भरा. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची यंत्रं दुपारी चालवा. पंपाची वेळ पहाटे पाचवरून सकाळी अकरावर नेणं हे वॉचमनला एका वाक्यात सांगण्याचं काम आहे, सौर बसवा किंवा नका बसवू. (पाणीच जिथे पहाटे टँकरने येतं त्या वाघोली-उंड्रीच्या मंडळींनी हे वाक्य सोडून द्यावं.)

आणि धुणं. पॅनेल धुवावी लागतात, महिन्यातून दोनदा, सकाळी लवकर. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. शेजारी कुठेतरी बांधकाम चालू असणारच, आणि कबुतरांना तर पॅनेलखालची सावली फारच आवडते, तेव्हा जाळी पहिल्या दिवशीच लावून घ्या. अनुदानाच्या योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, पण धुणं त्यात आहे का ते करारात वाचा. आपल्या गच्च्यांवरच्या पाणी तापवायच्या सौर यंत्रणांचं काय झालं ते आठवा. महापालिका मालमत्ता करात पाच ते दहा टक्के सवलत देते ती सौर, गांडूळखत, पावसाच्या पाण्याची साठवण असे प्रकल्प चालू असतील तर. बोअरच्या जड पाण्याचा क्षार साचून नळ्या बाद झालेल्या, टाकी गंजलेली, आणि सवलत मात्र दर वर्षी बिनबोभाट घेतलेली अशा किती इमारती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. मी नावं घेत नाही.

सौरच का, बायोगॅस का नाही, असंही एक गृहस्थ दर सभेत विचारतात. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र बनवलं आणि त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पुण्याला त्याचा अभिमान वाटायला हवा. घरी हौसेने चालवणाऱ्याला ते उत्तम. पण संयंत्राला रोज वेळेवर खाऊ घालावं लागतं, आणि ज्या संस्थेत ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्यावरून भांडणं होतात तिथे ते कोण करणार? पॅनेलला समितीची शिस्त लागत नाही, म्हणून मी त्यांच्या बाजूने आहे.

आता ज्याच्यावर कोणी बोलत नाही तो मुद्दा. वाटणी. एखादा उत्साही सभासद ‘मला माझ्या फ्लॅटसाठी तीन किलोवॅट बसवायचंय, ना-हरकत द्या’ म्हणून येतो. समिती एक तर तोंडावर नाही म्हणते, नाहीतर भिडेखातर हो म्हणते. दोन्ही चूक. चाळीसपैकी पहिल्या सहाजणांना ना-हरकत दिली की गच्ची संपते, आणि उरलेले चौतीस जन्मभर कोर्टाच्या गोष्टी बोलतात. पहिलं ना-हरकत पत्र द्यायच्या आधी सावली नसलेली जागा मोजून घ्या, सामाईक मीटरची गरज बाजूला काढा आणि उरलेल्या जागेत प्रत्येक घराचा वाटा लिहून ठेवा. ज्याला नको असेल त्याने तो शेजाऱ्याला वापरू द्यावा, त्याचे नियमही तेव्हाच करा.

खरं तर यावर चांगला उपाय आहे. गच्चीवर एकच मोठा प्रकल्प आणि त्याचे युनिट प्रत्येकाच्या बिलात वाटून. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने अशा आभासी नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्येच काढली. पुण्यात हा प्रकार रुळलेला नाही. इथे सरकारशीही माझं भांडण आहे. बंगलेवाल्याला पहिल्या दोन किलोवॅटना ६०,००० रुपये मिळतात. वरच्या उदाहरणातल्या चाळीस घरांना मिळून २,७०,०००, म्हणजे घरटी ६,७५० रुपये. पुण्यात बंगले उरलेत किती? जे शहर फ्लॅटमध्ये राहतं त्याच्यासाठी योजना बंगल्याच्या मापाने बेतली आहे. पण हे भांडण आपण एकेकट्याने करून उपयोग नाही. वीजदरांवर आपल्या राज्याचा वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो, तिथे कोणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. पुण्यातलाच प्रयास ऊर्जा गट वर्षानुवर्षं या दरांचा बारकाईने अभ्यास करतो. संस्थांच्या महासंघांनी शंभर संस्थांचे ठराव घेऊन तिथे उभं राहावं. नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर चिडून आयोगाला कळत नाही.

गाड्यांचंही लिहिते, थोडक्यात. चाकणमध्ये बनलेली बजाजची इलेक्ट्रिक चेतक २०२० च्या सुरुवातीला विकायला आली ती आधी पुण्यात आणि बंगळुरूत. आज प्रत्येक पार्किंगमध्ये चार-दोन इलेक्ट्रिक दुचाक्या आहेत आणि प्रत्येक संस्थेत त्यांच्यावरून वाद आहे. वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार सभासदाला चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. ती अडवण्यात शक्ती घालवू नका. वायरिंग आणि अर्थिंग नीट आहे ना एवढं तपासा. चौथ्या मजल्यावरून खिडकीतून सोडलेली एक्स्टेन्शनची वायर हा धोका आहे, आणि तो ना-हरकत नाकारल्यामुळेच तयार होतो.

पैशांखेरीज आणखी एक कारण आहे, ते मी सभेत बोलले नाही, इथे लिहिते. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यात सेनापती झाले, आणि आज त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण काचेची ऑफिसं बांधली. ते धरण टाटांचं, त्याचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं, आणि वीज गेली मुंबईला. पाण्यावरची वीज. धूर नाही, राख नाही, आजच्या व्याख्येत अगदी स्वच्छ. तिच्यासाठी ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांना ती स्वच्छ वाटली असेल का? आजही तेच चालू आहे, फक्त पाण्याऐवजी पॅनेल आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं देऊन जमिनी घेतल्या जातात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, योजना चांगलीच आहे. पण एका मेगावॅटला चारपाच एकर लागतात, आणि गावाचं गायरान त्यात गेलं की मेंढपाळाने जायचं कुठे हा प्रश्न उरतो. देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोत २०२५ च्या मध्यात निम्म्यावर पोचले म्हणून आपण पेढे वाटले. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे. त्याची राख चंद्रपूर आणि कोराडीच्या लोकांच्या अंगणात पडते, कर्वेनगरात नाही. आपल्या गच्चीवर एक किलोवॅट बसलं तर कोणाचं गायरान जात नाही आणि कोणाचं खाचर बुडत नाही. रिकाम्या गच्चीखाली राहून दुसऱ्याच्या जमिनीवरची वीज मागायची, हे मला बरं वाटत नाही.

शेवटचा आणि सगळ्यात तातडीचा विषय पुनर्विकासाचा. ज्यांची इमारत दोन-तीन वर्षांत पडायची आहे त्यांनी नवी यंत्रणा बसवू नये, खर्च वसूल व्हायच्या आत उतरवावी लागेल. पंधरा-वीस वर्षांचा वीजखरेदी करार करून फुकटात पॅनेल बसवून देणारे येतात, त्यांच्याशी तर मुळीच सही करू नका. मात्र तुमची खरी संधी विकसन करारात आहे. आज सोळा घरांवर ३,२०० चौरस फूट गच्ची आहे, म्हणजे घरटी दोनशे, जवळजवळ दोन किलोवॅट. उद्या बारा मजले आणि साठ घरं होतील. गच्ची वाढून ४,२०० झाली तरी घरटी सत्तर फूट. त्यातही बिल्डर तिथे ‘स्काय लाउंज’ आणि पार्टीसाठी हिरवळ दाखवतो. वाढीव कार्पेट आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी ठोक रक्कम) यांवर महिनोन्महिने घासाघीस करणाऱ्या समित्या गच्चीच्या नकाशाकडे ढुंकून बघत नाहीत. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली गच्चीच्या उत्तर बाजूला घ्यायला लावा, म्हणजे त्यांची सावली बहुतांश वर्ष पॅनेलवर पडणार नाही. गच्चीपासून मीटरच्या खोलीपर्यंत केबलसाठी स्वतंत्र डक्ट, आणि प्रत्येक पार्किंगपर्यंत चार्जिंगची नळी व तेवढ्या भाराचा ट्रान्सफॉर्मर, हे करारात लिहून घ्या. आत्ता हे बिल्डरच्या हिशेबात किरकोळ आहे. ताबा घेतल्यावर तेच काम तुमच्या खिशातून होईल. दक्षिणेला शेजारी उंच इमारत येणार असेल तर आपलं ऊन राखून ठेवणारा कायदा आपल्याकडे नाही, तेव्हा पॅनेलची जागा तेही बघून ठरवा.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिका निघायच्या आधी हा ठराव त्यात घालावा ही विनंती. शब्द तुमच्या सोयीने बदला.

‘ठराव : संस्थेच्या गच्चीवरील सावलीविरहित जागेचे मोजमाप करून घ्यावे. सामाईक मीटरसाठी लागणारी जागा प्रथम राखून उर्वरित जागेत प्रत्येक सदनिकेचा समान हिस्सा निश्चित करावा. मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांवरून क्षमता ठरवून किमान तीन नोंदणीकृत विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवावीत व ती सूचनाफलकावर लावावीत. अनुदान योजनेची मुदत संपण्यापूर्वी प्रकल्प कार्यान्वित होईल अशा बेताने पुढील कार्यवाही करण्याचे अधिकार व्यवस्थापक समितीस देण्यात येत आहेत.’

सूचक म्हणून सचिवांनीच नाव द्यावं, म्हणजे विरोध निम्मा होतो. अनुमोदनाला वरच्या मजल्यावरचं कोणीतरी घ्या. उन्हाळ्यात स्लॅब तापतो तो त्यांच्याच डोक्यावर.

आपली,
एक खजिनदार
कर्वेनगर, पुणे